इंजिनाचं पाणी

मागच्या उन्हाळ्यात मी लेकीसोबत अकोल्याच्या स्टेशनवर होते. ती मला बाकावर बसवून, "हलू नको" असं बजावून तिकिटाच्या रांगेत गेली. मी हलले. पूर्णा जंक्शनकडे जाणारी पॅसेंजर लागली होती आणि तिच्या पुढं डिझेलचं इंजिन धडधडत उभं होतं. या वयातही इंजिन दिसलं की मला जवळ जाऊन बघावंसं वाटतं. ड्रायव्हर खिडकीत बसून डब्यातले पोहे खात होता. भला माणूस. मी विचारलं ते सगळं त्यानं सांगितलं. हे मॉडेल खास पॅसेंजर गाड्यांसाठीच केलेलं आहे, आत डिझेल जळतं, त्यावर वीज तयार होते आणि त्या विजेवर चाकं फिरतात. कोळसा नाही, राख नाही, फावडं नाही.

"अन् पाणी?" मी विचारलं. "पाणी किती लागते याले?"

"लागते ना आजी, मशीन थंडं ठेवाले. पण ते प्याचं नसते. औषध टाकेल असते त्यात." मग त्याला वाटलं, म्हातारीला तहान लागली असावी. त्यानं वाकून स्वतःची पाण्याची बाटली खाली धरली. "हे घ्या, हे प्या."

मी ती घेतली नाही. मला रडू फुटलं, आणि इंजिनासमोर उभं राहून रडणारी म्हातारी पाहून तो बिचारा घाबरला. लेक धावत आली. काय झालं म्हणून तिनं दहा वेळा विचारलं, आणि मी ऊन लागलं असं सांगितलं.

साठ वर्षांहून जास्त काळ मी हेच करत आले, विचारलं एक की सांगायचं दुसरंच. आता लिहूनच टाकते. एका इंजिन ड्रायव्हरची नोकरी माझ्यामुळं गेली. मी त्याची चहाडी केली नाही, त्याच्याशी माझं वैर नव्हतं. मी त्याच्या भल्यासाठी सुवाच्य अक्षरात एक अर्ज लिहिला, आणि त्या अर्जानं त्याचं वाटोळं झालं.

माझं माहेर चांदूर रेल्वेजवळचं, मळेवाल्यांचं. वांगी, मेथी, कडेनं झेंडू. विहिरीचं पाणी गोड, आणि ते गोड आहे हे आम्हाला माहीतही नव्हतं, कारण पाणी दुसरं कसं असतं? बापानं मला चौथीपर्यंत शिकवलं. माझं अक्षर शाळेत पहिलं होतं आणि त्याचा मला माज होता. सासरी आले तेव्हा पत्र्याच्या पेटीत लुगड्यांच्या तळाशी दौत आणि टाक लपवून आणला होता. सासर मूर्तिजापूर आणि अकोल्याच्या मधलं, एका लहानशा स्टेशनाला लागून. गावाचं नाव लिहीत नाही, त्या घरांमधून अजून माणसं राहतात. जात आमची एकच, पण जमीन आमच्यापेक्षा सरस, काळीभोर, कपाशीला एक नंबर. बापानं माती मुठीत घेऊन पाहिली आणि हो म्हणाला. पाणी चाखून पाहायचं त्याला सुचलं नाही.

ते गाव खारपाणपट्ट्यातलं. विहीर खणा, पाणी लागतं. तोंडात घ्या, थुंकून टाकावं लागतं. त्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, चहात दूध घातलं की नासतं, साबणाला फेस येत नाही. पावसाळ्यात तळ्याचं पाणी असे. होळी झाली की तळं आटायचं, आणि मग तीन कोसांवरून बैलगाडीनं पिंपं आणायची नाहीतर विहिरीचं खारं प्यायचं. गरिबांनी खारंच प्यायचं. माझ्या सासूला, आम्ही सासूला आत्याबाई म्हणतो, मुतखड्याचा त्रास होता. ती गुरासारखी ओरडायची. वऱ्हाडात एक बोलणं होतं की पोरीला विहिरीत ढकला पण खारपाणपट्ट्यात देऊ नका. माहेरी हे कुणाच्या कानावर आलं नव्हतं. ते मला सासरी आल्यावर कळलं.

तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांतात होता आणि दूर कुठंतरी लढाई चालू होती. आमच्या लेखी लढाई म्हणजे रॉकेल न मिळणं आणि मालगाड्यांची रांग. रोज सकाळी दहाच्या सुमारास बडनेऱ्याहून पॅसेंजर यायची. तिच्या मागून मेल येई, म्हणून पॅसेंजरला आमच्या स्टेशनात बाजूच्या रुळावर घेत, आणि मेल पुढं निघून जाईपर्यंत ती अर्धा तास तिथं उभी असे. इंजिन पॅसेंजरचं, मालगाडीच्या इंजिनापेक्षा उंच चाकांचं. चाकाला टेकून उभी राहिले तर चाक माझ्या डोक्याच्या वर जायचं. इंजिनाच्या मागं टेंडर. त्याच्यात वर कोळसा आणि खाली पोटात पाणी, हजारो गॅलन, बडनेऱ्याला भरलेलं गोड पाणी.

लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मी आत्याबाईंबरोबर स्टेशनवर गेले होते. त्यांना अकोल्याच्या दवाखान्यात न्यायचं होतं. ऊन मी म्हणत होतं. आत्याबाई इंजिनाच्या सावलीला बसल्या आणि घागरीतलं पाणी प्यायला लागल्या. वरून ड्रायव्हर पाहत होता. चाळिशी उलटलेला, जाडजूड, डोळे कायम लाल, हातात तेलकट चिंध्यांचा बोळा. तो खाली उतरला, म्हणाला, "मावशे, घोटभर मले बी दे." त्यानं ओंजळीनं घेतलं आणि लगेच थुंकलं.

"हे तुमी पेता?"

"मंग काय करतो बाप्पा," आत्याबाई म्हणाल्या.

"असं पाणी मी इंजिनाले देत नाही," तो म्हणाला. "खारं पाणी घातलं तं बॉयलरच्या नळ्याईत मीठ धरते. इंजिन मरते त्यानं." टेंडरच्या खालच्या अंगाला एक पितळी नळ होता. त्यानं आत्याबाईंची घागर रुळावर पालथी केली, त्या नळाखाली धरली आणि भरून दिली.

त्या दिवसापासून ती रीत पडली. पॅसेंजर लागली की ड्रायव्हर खाली उतरायचा, नळ उघडायचा आणि बाया ओळीनं भरायच्या. चाळीस घागरी, की नळ बंद. पाणी कोमट असे, वास कोळशाचा, म्हणून आम्ही घागरीच्या तोंडाला फडकं बांधत असू. पण गोड. त्या पाण्यावर लेकरं आणि दुखणाईत जगायची. सणाला पुरणाची डाळ त्यावरच शिजायची. गावात मुलगी द्यायला कुणी येणार असलं की घरातली म्हातारी ठसक्यात सांगायची, "आमच्या गावात इंजिनाचं पाणी हाय." ड्रायव्हर काही घ्यायचा नाही. फार आग्रह केला तर एक वांगं घ्यायचा, आणि फायरमन ते कोळशाच्या फावड्यावर ठेवून भट्टीत धरून भाजायचा. मी माहेराहून वांगी आणली की त्यातली दोन वेगळी काढून ठेवायची.

विटाळाचाही प्रश्न निघाला होता. गावच्या विहिरीवर गावकुसाबाहेरच्या बायांना चढू देत नसत, मग इथं त्या एका ओळीत कशा? पहिल्याच आठवड्यात आमच्यातल्या काहीजणींनी त्यांना मागं ढकललं. ड्रायव्हरनं नळ बंद केला. म्हणाला, "इथं नळ माहा हाय. जे आधी येईन ते आधी भरन. नाही पटत तं घरी जा." मग गावातल्या पुरुषांनी चावडीवर बसून ठरवलं की इंजिनात अग्नी असतो, आणि अग्नीजवळच्या पाण्याला विटाळ नसतो. सोय असली की शास्त्र सापडतं. त्या ठरावात माझे सासरे पुढं होते. त्यांना मी मामाजी म्हणायची.

दोन उन्हाळे असे गेले. दुसऱ्या उन्हाळ्याच्या आधी मला मुलगी झाली, हीच जी आता मला बाकावर बसवून जाते. आत्याबाईंचा त्रास कमी झाला होता. मला तर वाटायला लागलं होतं की बापानं काही फार वाईट ठिकाणी दिलं नाही.

मग तो दिवस आला. तिसऱ्या उन्हाळ्यातला, वैशाखातला. मधल्या एका पाण्याच्या स्टेशनावरचा पंप बिघडलेला होता, त्यामुळं इंजिनाला वाटेत पाणी मिळालं नव्हतं. हे आम्हाला नंतर कळलं. ड्रायव्हरला मात्र ते ठाऊक होतं, आणि तरी त्यानं खाली उतरून नळ उघडला. चाळीस घागरी दिल्या. त्या दिवशी मेल फार उशिरा आली. पॅसेंजर दोन तासांच्या वर तिथंच उन्हात उभी, इंजिन जागच्या जागी वाफ सोडत आणि पाणी पीत. शेवटी निघाली तेव्हा समोरून वारा भणाणत होता. अकोला तीन मैलांवर राहिलं असताना टेंडरचं पाणी संपलं.

वाफेच्या इंजिनात भट्टीच्या डोक्यावर शिशाचा एक बूच असतो. बॉयलरमधलं पाणी त्याच्या खाली उतरलं की शिसं वितळतं, वाफ भट्टीत घुसते आणि आग विझते. बॉयलर फुटू नये म्हणून केलेली ती सोय. पण ड्रायव्हरच्या हातून बूच वितळणं म्हणजे त्याच्या जन्माला लागलेला डाग, असं रेल्वेत मानत. त्यानं आणि फायरमननं आग खाली पाडायची धडपड केली, पण तोवर बूच गेला होता. गाडी ओसाड रानात दुसरं इंजिन येईपर्यंत उभी राहिली. कुणाचा जीव गेला नाही, एवढंच नशीब.

ड्रायव्हरची चौकशी लागल्याची बातमी आमच्या स्टेशनच्या पॉइंट्समननं आणली. पॉइंट्समन म्हणजे रुळांचे सांधे बदलणारा माणूस. याला आम्ही ओळखून होतो. बायांना रुळापाशी येऊ देण्याबद्दल तो दर घरून काही ना काही उकळायचा, ताक, शेंगा, काही. तो म्हणाला, "चौकशीचा साहेब येऊन राहिला अकोल्याले. डायवरनं लेहून देल्लं हाय का पंप बंद होता अन् मेल लेट होती. निभून जाईन तो. तुमी फक्त तोंड बंद ठेवा. काहीच बोलू नोका अन् काहीच लेहू नोका."

आम्ही म्हटलं, चोराच्या मनात चांदणं. याला आपल्या ताकाशेंगांची भीती, म्हणून हा आम्हाला गप्प करतो.

त्या संध्याकाळी चावडीवर सगळा गाव जमला. गावकुसाबाहेरचे लोकही आले, जरा अंतर ठेवून बसले. देवासारखा माणूस संकटात आहे आणि आपण गप्प बसायचं? मग दोन उन्हाळे त्याचं पाणी कोणत्या तोंडानं प्यालो? साहेब परका माणूस, त्याला काय माहीत हा ड्रायव्हर कोण आहे. त्याला कळलं पाहिजे. एकानंही, खरंच एकानंही, वेगळा विचार मांडला नाही. सरकारात चांगल्या माणसाची किंमत असते असं आम्ही सगळे धरून चाललो होतो, आणि किंमत करून घ्यायची तर त्याचा चांगुलपणा पुराव्यासकट मांडायला हवा. आमच्यापैकी कुणी नोकरी केलेली नव्हती. शेतात ज्यानं दुसऱ्याच्या पाटाला पाणी सोडलं त्याला गाव दुवा देतं, तसंच तिथंही असेल असं आम्हाला वाटलं.

"आमची सून लेहीन," मामाजी म्हणाले. घरात ते मला कौतुकानं मास्तरीण म्हणायचे. "सरकारी मास्तरच्या तोंडात मारीन असं अक्षर हाय तिचं."

दौत-टाक काढला. तुळशीपाशी पाट मांडून बसले. मुलगी मांडीवर. मी तीन वेळा लिहिलं आणि तीन वेळा फाडलं, कारण कुठं रेघ वाकडी गेली होती, कुठं शाई सांडली होती. चौथ्यांदा मनासारखं झालं. तो अर्ज मला आजही पाठ आहे. "सदर ड्रायव्हर हे मागील दोन उन्हाळ्यांपासून दररोज न चुकता आम्हां गरीब रयतेस आपल्या इंजिनाच्या टेंडरमधून चाळीस घागरी गोड पाणी देत आहेत. कोणाचे घरी दुखणे असल्यास जास्तही देतात. याबद्दल त्यांनी कधी काही घेतले नाही. इंजिन बंद पडले त्या दिवशीदेखील, स्वतःला पाण्याची टंचाई असताना, त्यांनी आमची घागर रिकामी परत पाठविली नाही. असा परोपकारी नोकर सरकारास भाग्यानेच लाभतो." खाली साठएक अंगठे. मीच एकेकाचा अंगठा शाईत बुडवून उमटवून घेतला. "त्या दिवशीदेखील" हे वाक्य मला फार आवडलं होतं. त्याच्याखाली मी रेघ ओढली.

साहेब अकोल्याला त्याच्या स्वतंत्र डब्यात उतरला होता, सलून म्हणत त्याला. स्टेशनच्या एका कडेच्या रुळावर तो डबा उभा होता, खिडक्यांना वाळ्याचे पडदे लावलेले. मामाजी, गावचे चार जण आणि मी, काखेत मुलगी. मला नेलं ते अर्जात काही अडलं तर सांगायला. साहेब गोरा नव्हता, आपल्यातलाच होता, चष्मा घातलेला, बोलायला मऊ. त्याच्या कारकुनानं अर्ज घेण्यासाठी हात पुढं केला, तेव्हा मामाजी म्हणाले, "हे वाचून दाखवते साहेब. हिनंच लेहला."

मी वाचला. घडघड, न अडखळता, शाळेत इन्स्पेक्टरसमोर वाचायची तसा. कारकून एकेक वाक्य साहेबाला इंग्रजीत सांगत होता. साहेबानं मध्येच हात वर केला आणि मराठीतच विचारलं, "रोज किती घागरी म्हणालात?"

"चाळीस," मी म्हणाले. आणि वर, कुणी विचारलं नसताना, "कधीकधी पन्नास बी."

त्यानं ते लिहून घेतलं. "त्या दिवशीसुद्धा?"

"हो. त्या दिवशी बी. एक घागर कमी नाही केली त्यानं."

तेही लिहून घेतलं. मग त्यानं चष्मा काढला, आमच्याकडे पाहिलं, आणि तुम्ही इतक्या उन्हातून आलात म्हणून आभार मानले. मुलीच्या हातात बिस्किट दिलं. परत येताना आम्ही इतके खुशीत होतो की चौघांपैकी एकानं स्टेशनाबाहेर सगळ्यांना उसाचा रस पाजला. मामाजी म्हणाले, "पाह्यलं? माणूस आहे साहेब. पटलं त्याले."

पंधरा-वीस दिवसांनी पॉइंट्समन आमच्या अंगणात आला. नेहमीसारखा बसला नाही. उभ्यानंच म्हणाला, "झालं तुमच्या मनासारखं? काढला त्याले नोकरीवरून."

मामाजींना आधी कळलंच नाही. "कोणाले?"

"डायवरले. त्यानं चौकशीत सांगतलं होतं का मी थेंबभर पाणी कोणाले देल्लं नाही. पंपाचं अन् मेलचं कारण साहेबानं मानलं बी असतं. मंग साहेबानं तुमचा कागद काढला अन् त्याच्यापुढं ठेवला. आता काय बोलते तो? पाणी वाटलं हे एक, अन् खोटं बोलला हे दोन." मग तो माझ्याकडे न पाहता म्हणाला, "मी सांगतलं होतं, लेहू नोका."

त्या दिवसापासून मामाजींनी मला मास्तरीण म्हणणं सोडलं. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. गावातल्या बाकीच्यांनी साहेबाला शिव्या घातल्या, सरकारला घातल्या, पॉइंट्समनलाही घातल्या, यानंच चुगली केली असणार म्हणून. मला कुणी एका शब्दानं बोललं नाही. गावाच्या लेखी मी चांगलंच काम केलं होतं, साहेब नालायक निघाला एवढंच. नव्या ड्रायव्हरनं नळाला तार बांधली. बायांनी रुळाजवळ यायचं नाही असा हुकूम लागला. आम्ही पुन्हा खारं प्यायला लागलो. आत्याबाईंचं दुखणं परतलं आणि दोन वर्षांत त्या गेल्या. शेवटी शेवटी त्या पाणी पाणी करायच्या आणि समोर धरलं की तोंड फिरवायच्या.

पुढं फार वर्षांनी, मी सातवीची फायनल परीक्षा देऊन खरोखरची मास्तरीण झाले तेव्हा, एका निवृत्त रेल्वेवाल्याला मी सहज विचारल्यासारखं विचारलं होतं की चाळीस घागरी पाणी गेलं तर इंजिनाचं काय बिघडतं. तो हसला. म्हणाला, बाई, टेंडरमध्ये चाळीस घागरी म्हणजे दर्यात खसखस. इंजिन नुसतं उभं राहिलं तरी त्याहून जास्त पितं. म्हणजे बूच आमच्या पाण्यानं गेलाच नव्हता. मी लिहिलं नसतं तर तो सुटला असता. मी पोरांना तीस वर्षं शुद्धलेखन शिकवलं, सुंदर अक्षराला बक्षिसं दिली. पण एखादीचं अक्षर फारच सुरेख असलं की तिची वही मी पटकन मिटून परत द्यायची.

हे सगळं नंतरचं. पॉइंट्समन सांगून गेला त्याच्या चौथ्या दिवशी मामाजी म्हणाले, "बडनेऱ्याले जाऊ. पाय धरू त्याचे." मी म्हणाले, मीही येते. ते म्हणाले, "ये."

बडनेऱ्याला रेल्वेच्या क्वार्टरांच्या रांगा आहेत. ड्रायव्हरचं क्वार्टर शोधायला वेळ लागला नाही, कारण त्याच्या दारात बैलगाडी उभी होती आणि सामान भरणं चाललं होतं. क्वार्टर खाली करायला आठ दिवसांची मुदत मिळाली होती, त्यातला तो शेवटचा. ते नांदगाव खंडेश्वरच्या बाजूला त्याच्या भावाच्या गावी चालले होते. भावाकडे कोरडवाहू तुकडा होता. ज्यानं वीस वर्षं इंजिन चालवलं तो आता भावाच्या औतामागं जाणार होता.

त्यानं आम्हाला ओळखलं. "या," म्हणाला, आणि रिकाम्या ओसरीवर आमच्यासाठी पोतं अंथरलं. धुतलेल्या धोतरात तो मला दुसराच कुणी वाटला. हातात चिंध्यांचा बोळा नव्हता आणि त्या हातांचं काय करावं ते त्याला कळत नव्हतं. मामाजी त्याचे पाय धरायला वाकले, तर त्यानं त्यांना दंडाला धरून वर उठवलं.

"नोका असं करू बावाजी. तुमी काही वाईट मनानं नाही केलं."

"आमी आडाणी माणसं," मामाजी म्हणाले. त्यांच्या डोळ्यांना धार लागली होती. "आमाले वाटलं, साहेब खुश होईन."

ड्रायव्हरनं दाराकडे पाहिलं. मग म्हणाला, "साहेब म्हणे, एक बाई आल्ती. लेकरू काखेत घेऊन. तिनं सारं वाचून दाखवलं. म्हणे, तुह्यासाठी लय चांगलं बोलली ती."

एवढं बोलून त्यानं माझ्या मांडीवरच्या मुलीकडे पाहिलं. मी पदर पुढं ओढून खाली बघत होते. मीच ती, मीच लिहिलं, मला माफ करा, एवढंच बोलायचं होतं. ते शब्द माझ्या तोंडात अगदी तयार होते. साहेबापुढं कुणी विचारलं नसताना मी बोलले होते, आणि इथं तो माणूस समोर बसून वाट पाहत होता, तर माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. मला भीती वाटली. शिव्या देईल याची नाही; तो माफ करेल याची. थोड्या वेळानं तो उठला आणि गाडीवान हाक मारत होता तिकडे गेला.

त्याची बायको आतून आली. बारीक, गोरी, कपाळावर मोठं कुंकू. भांडीकुंडी सगळी पोत्यांत बांधून झाली होती, बाहेर एक तांब्या तेवढा राहिला होता. तिनं नळाचं पाणी तांब्यात आणून आमच्यापुढं ठेवलं. मामाजींनी ओठाला लावून खाली ठेवला. मला मात्र सकाळपासून तहान होती, मूल अंगावर पीत होतं, आणि ते पाणी गोड होतं. मी सगळा तांब्या संपवला.

ती माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "आता कसं करता वं पाण्याचं?"

"विहिरीचंच पेतो," मी म्हणाले.

"अन् इलेबी तेच पाजतं?" तिनं मुलीच्या गालाला हात लावला.

मी मान हलवली. ती उठली, अंगणात गेली. बांधलेल्या सामानातलं एक पोतं तिनं सोडलं, दोरीची गाठ दातांनी सोडवावी लागली तिला, आणि आतून एक पितळी घागर काढली. नळाखाली धरून काठोकाठ भरली, तोंडाला स्वतःच्या जुन्या लुगड्याचा तुकडा बांधला आणि माझ्यापुढं आणून ठेवली.

"घेऊन जाय," ती म्हणाली. "घागर परत कराची काही गरज नाही. आमच्या तिथं मोठी विहीर हाय."

मी नाही म्हणायला हवं होतं. मामाजी माझ्याकडे बघत होते, मी नाही म्हणेन अशी वाट बघत. मी घागर उचलली. संध्याकाळच्या गाडीत मुलगी मामाजींकडे दिली आणि घागर मांडीत धरून बसले. घरी पोचेपर्यंत तिच्यातला एक थेंबही मी सांडू दिला नाही.